चौथी जागा

बर्फ आदल्या संध्याकाळपासून पडत होता आणि सकाळी गल्लीतल्या गाड्या लावायच्या सगळ्या जागा पांढऱ्या होऊन गेल्या होत्या, एक सोडून. हव्रिलांच्या दुकानामागची चौथी जागा फावड्यानं काठापर्यंत साफ केलेली होती आणि मधोमध ती खुर्ची होती: पोलादी पायांची, पिवळ्या रेक्झिनची, बैठकीला उसवलेली. केलर्स फेरी गावात ज्यानं बर्फ उपसला त्याची जागा, आणि खुर्ची ही त्याची खूण. दुसऱ्याची खुर्ची हलवणाऱ्याशी लोक वर्षभर बोलत नाहीत. ही खुर्ची म्हाताऱ्या वसिल हव्रिलाच्या काळापासून इथं होती, तिला हात लावायची छाती कुणाला नव्हती.

सिरिल हव्रिला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. यांकोला, त्याच्या थोरल्या भावाला, जाऊन तीन हिवाळे झाले होते. दुकानातलं बूट शिवायचं मशीन विकलं गेलं होतं, पाटी उतरली होती, पण बर्फ पडला की खुर्ची हजर. सिरिल इतके दिवस धरून चालला होता की हे यांकोची मुलगी लरिसा करत असणार. आज मात्र तो पोचला तेव्हा लरिसाची व्हॅन नुकतीच गल्लीत शिरत होती, आणि बर्फावर तिच्या चाकांखेरीज रस्त्याकडून आत येणारा कुठलाही माग नव्हता.

"किती वाजता उठलीस गं उपसायला?" त्यानं विचारलं.

"मी कुठं उपसला?" लरिसा खाली उतरली. "मला वाटलं, तुम्ही. दरवर्षी तुम्हीच करता ना, काका?"

"मी?"

 मग लरिसानं खांदे उडवले. तिच्या डोक्यात आज दुसरं काही मावत नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला झोनिंग बोर्डापुढं, म्हणजे कुठल्या जागेत काय चालवायचं ते ठरवणाऱ्या गावच्या मंडळापुढं, तिच्या अर्जाची सुनावणी होती. टेकडीवरचं चर्च ईस्टरनंतर बंद होणार होतं आणि त्याच्या तळघरात दर शुक्रवारी पिरोही लाटणाऱ्या अकरा बायकांना चूल उरणार नव्हती. बटाट्याच्या सारणाच्या त्या उकडलेल्या करंज्यांवर अर्ध्या गावाचा उपासाचा महिना निघायचा. लरिसानं ठरवलं होतं की आजोबांच्या दुकानात त्याच बायकांना घेऊन बारा खुर्च्यांची खाणावळ काढायची. त्यापायी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली पक्की नोकरी तिनं गेल्याच महिन्यात सोडली होती. जुन्या बाजारपेठेत दुकानाची खाणावळ करायची तर बोर्डाची परवानगी लागते, आणि बारा खुर्च्यांना चार गाड्यांची जागा दाखवावी लागते. बोर्डानं नाही म्हटलं तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. वर्षभर त्या बायका कुठं थांबणार, आणि लरिसा काय खाणार?

आणि बोर्डाचा अध्यक्ष होता सिरिल. एकोणीस वर्षं. पुतणीचा अर्ज आल्याबरोबर तो आपल्या खुर्चीवरून उतरला होता, तसं पत्र त्यानं बोर्डावरच्या हॅरिएट ड्रमंडबाईंच्या हातात दिलं होतं आणि त्यांनाच आज सुनावणी चालवायला सांगितलं होतं. एकोणीस वर्षांत प्रथमच तो समोरच्या बाकांवर बसणार होता. तिथून आपण सगळे कसे दिसतो याचं त्याला खरं तर मोठं कुतूहल होतं.

पण सिरिलचं कुतूहल एवढ्यावर भागणारं नव्हतंच. त्याच्या खिशात मापाची गुंडाळायची पट्टी होती. गावातल्या प्रत्येक अर्जदाराच्या जागेवर जाऊन ती लावून बघायची त्याची खोड होती, आणि लोक त्याला पाठीमागे 'इंच काका' म्हणत हे त्याला माहीत होतं. आता अध्यक्ष नसला म्हणून काय झालं? लरिसा आत भांडी लावायला गेली तशी त्यानं पट्टी काढली, टोक दुकानाच्या कोपऱ्याच्या विटेला अडकवलं आणि बर्फातून चालत निघाला.

नकाशात चार जागा होत्या. एकीला नऊ फूट, म्हणजे छत्तीस फूट. तिसरी जागा संपते तिथं, सत्तावीस फुटांवर, त्याच्या बुटाला काहीतरी कठीण लागलं. त्यानं वाकून बर्फ खरवडला. हद्दीची लोखंडी खुंटी होती, गंजलेली, जमिनीशी सपाट.

 साऱ्या गावाच्या हद्दी इंचाइंचानं मोजणाऱ्या माणसानं स्वतःच्या बापाची हद्द सत्तर वर्षांत एकदाही मोजली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खुर्ची कायम तिथं होती म्हणून जागा आपलीच, असं सगळं घर मानून चाललं होतं. लरिसानं नकाशा काढला तोही आजोबांच्या हातच्या जुन्या कागदावरून, आणि म्हाताऱ्यानं तो काढला तेव्हा दुकान आणि शेजारचं घर दोन्ही त्याचीच होती. मग वाटण्या झाल्या. दुकान यांकोला गेलं, घर थेक्लाला. खुंटीच्या पलीकडची जमीन थेक्लाची होती.

थेक्ला म्हणजे तिघांतली थोरली. आईच्या शेवटच्या वर्षी थेक्लाचं ऑपरेशन झालं, आणि ती इस्पितळातून घरी आली तर आईची खोली रिकामी. यांकोनं आईला, तिला न विचारता, थेक्लालाही न विचारता, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं होतं. आई तिथं सहा आठवड्यांत गेली. त्या दिवसापासून थेक्ला भावाशी बोलली नाही. भिंतीला भिंत लागून नऊ वर्षं काढली दोघांनी, आणि मग यांकोही गेला. दफनाला ती आली, सगळ्यांत मागं उभी राहिली आणि लरिसाशी एक शब्द न बोलता परतली.

सिरिलनं लरिसाला सगळं सांगितलं. ती पिठाच्या डब्यावर बसली.

"म्हणजे नकाशा खोटा आहे."

"चुकलाय. खोटा वेगळा."

"संध्याकाळी कुणाच्या लक्षात येईल?"

सिरिलनं पट्टी गुंडाळून खिशात घातली. गेल्याच वर्षी गल्लीपलीकडच्या कार्मेन ट्रोइलोनं केशकर्तनालयात दोन खुर्च्या वाढवायचा अर्ज केला होता. त्याची एक जागा कमी भरली. आपण तिथं बारा वर्षं खुर्ची ठेवतोय, असं तो काकुळतीनं सांगत होता, आणि सिरिलनंच त्याला वरून सुनावलं होतं की खुर्ची म्हणजे कागद नव्हे. तेव्हा खोलीत हशा पिकला होता. आज ते आठवून सिरिलचे कान गरम झाले.

"कुणी बोललं नाही, तर मला उठून सांगावं लागेल," तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही माझे काका आहात की बोर्डाचे?"

त्याला हे लागलं. पण आपण गप्प बसलो तर ट्रोइलोच्या तोंडाकडे पुन्हा बघता येणार नाही, हेही त्याला कळत होतं. तो शेजारच्या दारात गेला.

थेक्लानं दार उघडलं, त्याला पायपुसण्यावर नीट बूट घासायला लावले आणि न विचारता समोर मशरूमच्या आंबट सुपाची वाटी ठेवली. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक, केस करकचून मागं बांधलेले. दाराआड भिंतीला फावडं टेकवलेलं होतं आणि त्याखाली पाण्याचं थारोळं. पायरी उपसली असेल, असं वाटून सिरिलनं तिकडे दुर्लक्ष केलं. त्यानं खुंटीचं सांगितलं. तिनं भुवईसुद्धा हलवली नाही.

"माहीताय मला. कर भरते मी त्या जमिनीचा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलायचं?" ती म्हणाली. "बोर्डाचं पत्र आलंय मला, शेजारी म्हणून. जे सांगायचंय ते तिथं सांगेन, शपथ घेऊन. सूप गार होतंय."

म्हणजे विरोधच करणार ही, सिरिलच्या मनात आलं. त्याला आणखी विचारायचं होतं, पण थेक्लाकडून उत्तर काढणं हे दगडातून पाणी काढण्यासारखं होतं आणि तो हे लहानपणीच शिकला होता.

सभागृहातले बाक इतके कडक असतील याची सिरिलला कल्पना नव्हती. एकोणीस वर्षं माणसं यावर बसून आपली वाट बघत होती आणि आपण वर गादीच्या खुर्चीत पाण्याचे घोट घेत होतो, हे त्याला पाच मिनिटांत उमगलं. वरून बोलणाऱ्यांचे शब्दही इथं अर्धेच ऐकू येत होते. पिरोहीवाल्या अकराही जणी पुढच्या रांगेत कोट न काढता बसल्या होत्या. थेक्ला भिंतीकडेला एकटी. आणि सगळ्यांत मागं कार्मेन ट्रोइलो, मांडीवर तपकिरी पाकीट घेऊन. त्या पाकिटात काय आहे ते सिरिलला न उघडताच समजलं. ट्रोइलोनंही पट्टी लावली होती.

लरिसानं हात वर करून शपथ घेतली. ड्रमंडबाई पूर्वी शाळेच्या बसगाड्यांच्या वेळा सांभाळायच्या, त्यामुळे त्यांना पाल्हाळ खपत नसे. त्यांनी विचारलं, नकाशा तूच काढलास का, आणि तो बरोबर आहे ना. सिरिल उठायच्या बेतात पुढं सरकला. ट्रोइलोनं पाकिटाची दोरी सोडली.

"मीच काढला," लरिसा म्हणाली. "पण तो चुकलाय. चौथी जागा आमची नाही. मला आज सकाळी कळलं."

पुढच्या रांगेतून एक लांब उसासा आला. ट्रोइलो हातातल्या दोरीकडे बघत राहिला. वर्षभर धार लावलेला वस्तरा समोरच्यानं स्वतःच दाढी करून आल्यावर काय कामाचा?  लरिसा मान खाली न घालता उभी होती, आणि सिरिलला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला त्यानं चष्म्याचं निमित्त केलं.

ड्रमंडबाईंनी कागद बाजूला सारला. तीनच जागा असतील तर बोर्डाचे हात बांधलेले आहेत, त्या म्हणाल्या, आणि गेल्या वर्षीचा ट्रोइलोंचा निर्णय सगळ्यांसमोर आहेच. तरी विचारते, ती जागा आहे कुणाची?

"माझी," थेक्ला भिंतीकडून म्हणाली, आणि शपथेसाठी हात वर करूनच पुढं आली.

बोर्डाच्या वकिलानं तिचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. ती अर्जाच्या विरोधात आहे का, असं तो विचारत होता तेवढ्यात मागून ट्रोइलो उठला. मीही शेजारी आहे, मलाही एक प्रश्न विचारायचाय, तो म्हणाला. ड्रमंडबाईंनी मान डोलावली.

"जागा तुमची, तर खुर्ची कुणाची? ही इतकी वर्षं तिथं ठेवतं कोण? मी रोज सहाला दुकान उघडतो, तोवर ती ठेवलेली असते."

"मीच ठेवते."

सिरिलनं झटकन मान वळवली. त्याच्या डोळ्यांपुढं दाराआडचं फावडं आलं, खालच्या थारोळ्यासकट.

"पण तुमच्याकडे गाडी नाही," ट्रोइलो म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग उरला नव्हता, निव्वळ चौकशी होती. "तुम्हाला तर गाडी चालवताही येत नाही."

"यांकोकडे होती ना."

 भावाबहिणीचा नऊ वर्षांचा अबोला सगळ्या गावाला तोंडपाठ होता. ड्रमंडबाईंनी चष्मा काढला. त्यांनी अध्यक्षाच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात विचारलं, "अगं थेक्ला, तुम्ही दोघं तर बोलत नव्हता."

"बोलत नव्हतोच. म्हणून बर्फ पडायचा थांबला होता का?" थेक्ला म्हणाली. "त्याच्या पाठीत दुखायचं. त्याला फावडं धरवत नसे. साडेसहाला यायचा, तोवर मी उरकून घ्यायची."

"आणि तो गेल्यावर?"

तिनं लरिसाकडे न बघता नुसती हनुवटी तिच्या दिशेनं हलवली. "ही येते ना दुकान झाडायला."

लरिसा अजून साक्षीच्या टेबलापाशीच उभी होती. "बाबांना माहीत होतं, आत्या?"

"त्याला कुठलं माहीत. त्याला वाटायचं, सिरिल करतो. सिरिल रोज सकाळी त्याच्याकडे कॉफीला जायचा ना. आणि गाडी लागली की खुर्ची उचलून माझ्या पायरीवर ठेवून जायचा तोसुद्धा सिरिलच."

सगळी खोली सिरिलकडे वळली. तो अडखळत उभा राहिला. कुणी विचारलं नसतानाही त्यानं हात वर केला, शपथ घेतात तसा.

"मी त्या खुर्चीला आयुष्यात हात लावलेला नाही," तो म्हणाला.

 लरिसा बोलली, हळू, जणू बोर्ड तिथं नव्हताच.

"बाबा ठेवायचे, आत्या. ते गेल्यापासून मी ठेवते. पण बाबा गाडी लावली की ती बाहीनं पुसायचे आणि तुझ्या पायरीवर ठेवायचे. मी एकदा विचारलं, तिकडे कशाला, दुकानातच ठेवूया की. तर म्हणाले, जिनं ठेवली तिला परत नको का द्यायला? मला वाटलं, आजीबद्दल म्हणतायत."

थेक्लानं टेबलाची कड धरली. 

"पुसून?" तिनं विचारलं.

"रोज."

थेक्ला पाठीमागच्या बाकावर बसली. ट्रोइलो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यानं पाकीट कोटात घातलं.

बोर्डाला मात्र पुढं जावंच लागतं. वकिलानं घसा खाकरला आणि सांगितलं की हे सगळं ठीक आहे, पण परवानगी खुर्चीवर देता येत नाही, कागद हवा. हे ऐकताना सिरिलनं खाली बघितलं. जमीनमालकिणीनं त्या जागेच्या वहिवाटीचा हक्क दुकानाला कायमचा लिहून दिला आणि तीस दिवसांत नोंदवला, तर जागा चार होतात. सौभाग्यवती, नाही, श्रीमती... त्याचा गोंधळ झाला.

"कुमारी," थेक्ला बसल्या जागेवरून म्हणाली. "लिहून देते. पण बर्फाच्या दिवशी खुर्ची मी ठेवणार. दुसऱ्या कुणी नाही."

वकील म्हणाला की असं कागदात घालता येणार नाही. मग घालू नका, ड्रमंडबाई म्हणाल्या, आणि मतं घेतली. तीन विरुद्ध शून्य. पिरोहीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांना गप्प करण्यात आलं. बाहेर पडताना ट्रोइलो थेक्लाला दारात गाठून विचारत होता की तुमच्या घराच्या त्या बाजूला आणखी नऊ फूट निघतील का, आणि ती त्याला म्हणत होती की आधी पट्टी घेऊन ये, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चार बोटं बर्फ होता. सिरिलला काही काम नव्हतं, तरी तो साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. चौथी जागा साफ होती आणि खुर्ची होती. थेक्लाच्या खिडकीतला पडदा थोडासा बाजूला झालेला त्याला दिसला, आणि त्याच्या लक्षात आलं की यांको गेल्यापासून तो नेहमीच तसा असायचा.

लरिसाची व्हॅन आली. ती उतरली, खुर्चीपाशी गेली, कोटाच्या बाहीनं बैठक पुसली, पाठ पुसली. मग खुर्ची उचलून थेक्लाच्या पायरीवर नेऊन ठेवली. ती गाडीकडे वळणार तोच दार उघडलं.

थेक्ला उंबरठ्यात उभी होती, स्वेटरवर ॲप्रन. तिनं लरिसाकडे बघितलं नाही. तिची नजर खुर्चीच्या पायांवर होती. पोलादी पायांना चिकटलेला बर्फ वितळून पायरीवर ओघळत होता.

"पाय नाही पुसलेस," ती म्हणाली.

लरिसा गुडघ्यावर बसली आणि गळ्यातला स्कार्फ काढून एकेक पाय पुसू लागली.

"यांकोही नाही पुसायचा. इथं पाणी साचायचं, त्याचा बर्फ व्हायचा. दोनदा घसरले मी." थेक्लानं ॲप्रनला हात पुसले. "नऊ वर्षं मी मनातल्या मनात सिरिलला शिव्या घालत होते. यांकोला घालायच्या राहिल्या."

लरिसा चौथ्या पायाशी थांबली. थेक्लानं वाकून खुर्ची उचलली, कधी नव्हे ती घरात नेली आणि स्वयंपाकघरात टेबलापाशी मांडली. दार तिनं लावलं नाही.

"ये आत. आणि तो गल्लीत उभा राहून बघतोय, त्यालाही बोलाव. बूट पुसायला सांग."